लहान ट्रॅक्टरला घरची पेटी



कार्यक्रमात ट्रॅक्टरच्या देखभालीवर बोलणं झालं की पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो. मोठ्या ट्रॅक्टरला सामानाची पेटी असते, पण आमच्या पंधरा-वीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरला ती एक तर नसते, नाही तर नावापुरती असते. मग पाने, पिना, ग्रीसगन ठेवायची कुठं? आणि पेटी घरच्या घरी बसवायची म्हटली तर ती बसवायची कशी?

प्रश्न साधा वाटतो. पत्र्याची पेटी करायला गावातला वेल्डर अर्धा दिवस घेईल, एवढंच काम. पण पेटी कुठं बसते यावर ती उपयोगाची ठरणार की घात करणार, हे ठरतं. म्हणून या पत्रकात पेटीच्या मापांपेक्षा तिच्या जागेबद्दल जास्त लिहिलं आहे. मापं तुमचा ट्रॅक्टरच तुम्हाला सांगेल.

पिन हरवते तेव्हा

आधी पेटी लागते कशाला ते बघू. निफाड-दिंडोरीकडं किंवा तासगाव भागात द्राक्षबागेतून चालणारा लहान ट्रॅक्टर घ्या. दोन ओळींमधून रोटाव्हेटर चालला आहे. बांधाशी वळताना खालच्या लिंकची लॉकपिन कुठं तरी गळून पडली. तीच ती, कडी असलेली लहान पिन. बाजारात तिची किंमत चहापाण्याच्या खर्चाएवढी. पण ती घरी, कोनाड्यातल्या डब्यात. घर एक किलोमीटरवर. मजूर खोळंबलेले, वर उन्हं कलायला लागलेली. मग माणूस काय करतो? बांधावरची तार घेतो आणि दोन पीळ मारतो. नाही तर चार इंची खिळा घालून वाकवतो. आणि पुढं चालू लागतो.

तार चार ओळी टिकते, पाचव्या ओळीत तुटते. लिंकची एक बाजू सुटली की रोटाव्हेटर तिरका होऊन खाली बसतो, टायरवर घासतो किंवा ओळीतल्या खांबाला जाऊन धडकतो. पीटीओचा शाफ्ट जोडणारी पिन गेली आणि तिथं खिळा घातला तर त्याहून वाईट. कारण तो खिळा बाहेर डोकावत फिरत राहतो.

किती वेगानं फिरतो, याचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचा जोड तीन इंच जाडीचा धरला, तर त्याचा घेर सव्वानऊ इंचांच्या वर जातो. नऊ फेऱ्यांत तो सात फूट कापड गुंडाळून घेतो, तेही एका सेकंदात. खांद्यावरचं उपरणं, धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, पोरीची ओढणी, यातलं काहीही खिळ्याच्या टोकात अडकलं की "बंद कर" म्हणायला सुद्धा वेळ मिळत नाही. म्हणून पीटीओच्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कवच फुटलं असेल, तर पेटीचा विचार करण्याआधी ते कवच बसवून घ्या.

तिसरी गोष्ट शिअर बोल्टची. काही रोटाव्हेटरना शाफ्टच्या जोडात एक मुद्दाम नरम ठेवलेला बोल्ट असतो. पात्याखाली दगड आला, मुळी आली, तर तो आधी तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा, अशी ती योजना असते. तो तुटला आणि दुसरा जवळ नसला की हाताला लागेल तो कडक बोल्ट घातला जातो. पुढच्या दगडाला मग बोल्ट तुटत नाही, गिअरबॉक्सचे दात तुटतात. थोड्या रुपयांसाठी हजारोंचं काम निघतं, आणि तेही ऐन हंगामात.

या तिन्ही वेळी माणसाला अक्कल नव्हती असं म्हणता येणार नाही. वस्तू हाताशी नव्हती. पेटी लागते ती यासाठी. ट्रॅक्टरबरोबर शेतात जावी एवढी लहान आणि चार पिना, दोन बोल्ट, चार पाने कायम सापडावेत एवढी नीटनेटकी पेटी हवी. सगळं कोठार ट्रॅक्टरवर लादायचं नाही.

सीटमागची जागा

बहुतेकांच्या डोळ्यापुढं पहिली जागा येते ती सीटच्या मागची. तिथं मोकळं दिसतं, बसल्या जागेवरून हात पोचतो. पण लहान ट्रॅक्टरला ही जागा सगळ्यांत वाईट.

रोटाव्हेटर जमिनीवर टेकलेला असताना सीटमागं भरपूर जागा दिसते. हायड्रॉलिकनं तो पूर्ण वर उचलून बघा. टॉपलिंक आणि अवजाराचा वरचा सांगाडा पुढं सरकून सीटच्या किती जवळ येतो ते दिसेल. पेटी तिथं असली तर चेपते, नाही तर पेटीमुळं टॉपलिंक अडते आणि उचलण्याचा सगळा जोर भलत्याच ठिकाणी येतो.

दुसरं कारण याहून मोठं आहे. मागची पेटी म्हणजे पीटीओच्या अगदी डोक्यावर आलेली पेटी. पाना काढायला माणूस मागून वाकणार, आणि घाईत असला तर पीटीओ चालू ठेवूनच वाकणार. आपण पेटी बसवली की हात जाण्याची जागाही ठरवून टाकतो. मग ती जागा फिरत्या शाफ्टपाशी कशाला ठरवायची?

तिसरं कारण वजनाचं. बैलगाडी भरणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. ट्रॅक्टरचंही तेच. मागच्या ॲक्सलच्या पलीकडं ठेवलेलं वजन पुढची चाकं हलकी करतं. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ५ फूट धरा. मागच्या ॲक्सलच्या अडीच फूट मागं २० किलोची भरलेली पेटी लावली, तर पुढच्या चाकांवरचा १० किलो भार कमी होतो. दहा किलो म्हणजे फार नाही, हे खरं. पण लहान ट्रॅक्टरचं सगळं वजनच पाऊण टन ते एक टन. त्यावर मागं रोटाव्हेटर किंवा फवारणीची भरलेली टाकी आधीच लटकलेली असते. जाणकार सांगतात की ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, तरच स्टिअरिंग ऐकतं. चढावर पुढची चाकं तरंगायला लागली की वळवण्याचा भरवसा राहत नाही. शिवाय पेटी कधी २० किलोवर थांबत नाही. जागा दिसली की माणूस त्यात साखळी टाकतो, जॅक टाकतो, तुटलेली पाती टाकतो आणि वर्षभरात ती चाळीसवर जाते.

मडगार्डवरची जागा

बहुतेक लहान ट्रॅक्टरना पेटीची चांगली जागा म्हणजे डाव्या मडगार्डचा मागचा अर्धा भाग. तिथं पेटीचं वजन जवळपास मागच्या ॲक्सलच्या डोक्यावरच येतं, त्यामुळं पुढची चाकं हलकी होत नाहीत. उजव्या बाजूला बहुधा हायड्रॉलिकचे दांडे असतात, म्हणून डावी बाजू. मात्र चढण्या-उतरण्याची वाटही बहुतेक ट्रॅक्टरना डावीकडूनच असते. तेव्हा धरायचा दांडा आणि पाय ठेवायची जागा मोकळी राहील इतकी पेटी मागं घ्या. तुमच्या ट्रॅक्टरचे दांडे निराळे असतील तर बाजू बदला, त्यात काही बिघडत नाही.

या जागेचा आणखी एक फायदा आहे, आणि आमच्या मते तोच सगळ्यांत मोठा. आपल्याकडं ट्रॅक्टरचं मडगार्ड म्हणजे जादा बैठक समजतात. शाळेतून येणारं पोरगं, बाजाराला निघालेला शेजारी, कामावर जाणारी बाई, जो तो मडगार्डवर टेकतो. लहान ट्रॅक्टरचं मडगार्ड अरुंद आणि गुळगुळीत. चाक नाल्यात उतरून धक्का बसला की तिथला माणूस पुढं घसरतो तो थेट मागच्या चाकापुढं. चालवणाऱ्याला ब्रेक दाबायलाही सवड मिळत नाही. तिथं पेटी आली की ती बैठक एका बाजूनं तरी बंद होते. "बसू नको" असं रोज सांगून जे होत नाही, ते पेटीनं होतं. पेटीचं झाकण थोडं उतरतं ठेवलं तर झाकणावरही कोणी बसणार नाही, आणि पावसाचं पाणीही निथळेल. उजवं मडगार्ड मात्र उघडंच राहतं. तिथं नकार देण्याचं काम तुमचंच.

जड वस्तूंचं काय? साखळी, जॅक, ओढण्याचा हूक हे न्यायचंच असेल, तर पुढं वजनं लावण्याचा कंपनीचा मजबूत ब्रॅकेट किंवा बंपर असेल त्यावर एक वेगळी उथळ पेटी करता येते. पुढचं वजन मागच्या अवजाराला तोलूनही धरतं. पण पेटी रेडिएटरच्या जाळीपुढं उभी राहता कामा नये. हवा अडली की इंजिन तापतं. दिवे झाकले जाऊ नयेत आणि बॉनेट पूर्ण उघडलं पाहिजे. जाळीवर किंवा बॉनेटच्या पत्र्यावर पेटीचा भार देऊ नका.

सायलेन्सरजवळ, एअर क्लीनरच्या तोंडाशी, बॅटरीवर आणि डिझेलच्या झाकणावर पेटी येऊ देऊ नये, हे वेगळं सांगायला नको. मागचा दिवा, रिफ्लेक्टर आणि नंबरप्लेटही झाकू नका. उसाच्या हंगामात रात्रीच्या रस्त्यावर मागून येणाऱ्याला तुमचा ट्रॅक्टर दिसला पाहिजे.

पुठ्ठ्याची पेटी आधी

पत्रा कापण्याआधी एक दिवस थांबा. किराणा दुकानातून जाड पुठ्ठ्याचा खोका आणा, हव्या त्या मापाला कापा आणि सुतळीनं मडगार्डवर बांधा. मग ट्रॅक्टर घेऊन बागेत एक चक्कर मारा. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. प्रत्येक दांडा टोकापासून टोकापर्यंत हलवा. अवजार पूर्ण वर घ्या, पूर्ण खाली सोडा. सीटवरून मान वळवून मागचं अवजार नीट दिसतं का बघा. लहान ट्रॅक्टर घेतला तोच दोन ओळींतून, मांडवाखालून जावा म्हणून. तेव्हा पेटी टायरच्या बाहेरच्या कडेपेक्षा बाहेर येऊ नये आणि तिची उंची काड्यांना लागू नये. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग मोकळी असते तेव्हा सगळंच बसतं. खरी परीक्षा वेल भरल्यावर. खोक्याला जिथं ओरखडे पडले असतील तिथं लोखंडी पेटी घड पाडणार हे समजा आणि तेवढं माप कमी करा.

आमचा अंदाज असा की बहुतेकांना लांबी १८ इंच, रुंदी ८ इंच आणि उंची ८ इंच एवढी पेटी पुरते. यापेक्षा मोठी केली तर ती भंगारानं भरते.

पेटी करणं

१८ गेजचा पत्रा घ्या. या मापाच्या पेटीला, दुमड धरून, सहा चौरस फूट पत्रा लागतो. अख्खा पत्रा घेण्याची गरज नाही, फॅब्रिकेशनच्या दुकानात एवढा तुकडा मिळून जातो. पेटीचं वजन सव्वापाच किलोच्या आसपास होतं. १६ गेजचा घेतला तर ते सात किलोच्या घरात जातं. मजबुती वाढते, पण या कामाला १८ गेज पुरे. पत्र्याच्या सगळ्या कडा अर्धा इंच आत दुमडून घ्या, म्हणजे हात कापत नाहीत आणि पेटीला ताठपणा येतो.

झाकण जुन्या ट्रंकेसारखं, चारी बाजूंनी अर्धा ते पाऊण इंच खाली उतरणारं असावं. पाणी आत न जाण्याचा हाच सोपा मार्ग. रबरी पट्टी लावली तर उत्तम, पण ती उन्हानं दोन वर्षांत वाळते. झाकणाची ठेवण चांगली असेल तर पट्टीशिवायही भागतं.

बिजागरी सीटच्या बाजूला आणि कडी बाहेरच्या बाजूला ठेवा. यानं थोडी गैरसोय होते, पण ती आपल्या भल्याची आहे. चालत्या ट्रॅक्टरवर बसून पेटी उघडता येत नाही. थांबायचं, पीटीओ बंद करायचा, अवजार खाली टेकवायचं, इंजिन बंद करून उतरायचं आणि मग पेटी उघडायची. झाकण उघडून सीटवर आदळू नये म्हणून आतून एक बारीक साखळी लावा. कडी ट्रंकेच्या खटक्याची किंवा साधी कडी-कोयंड्याची चालेल, पण हादऱ्यानं आपोआप उघडणारी नको. कोयंड्यात एक लॉकपिन अडकवून ठेवली तर दोन कामं होतात. कडी निघत नाही, आणि अगदी अडचणीच्या वेळी एक पिन जादा मिळते.

तळाला चार कोपऱ्यांत दोन-दोन सुताची भोकं पाडा. झाकण कितीही चांगलं असलं तरी आत ओल जमतेच, तिला वाट हवी. पण उघडं भोक म्हणजे गांधीलमाशीला आमंत्रण. आतून बारीक जाळीचा तुकडा चिकटवा. पावसाळ्यात ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला असेल, तर पेटीत एकदम हात घालू नका. ऊब आणि अंधार विंचवालाही आवडतो.

नवी पेटी करायची नसेल तर भंगारात जुन्या स्कूटरची किंवा मोटारसायकलची बाजूची डिकी बघा. पत्र्याची, कुलूप असलेली आणि हादऱ्यांसाठीच बनवलेली वस्तू आहे ती. गंज खरवडून रंग दिला की झालं. ऑइलचे प्लॅस्टिकचे कॅन कापून पेटी करण्याचाही प्रघात आहे. स्वस्त पडतं, पण उन्हात प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि एक दिवस तळासकट पाने ओळीत सांडतात.

ग्रीसगनसाठी शेतातल्या ४ इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्या. एका तोंडाला एंडकॅप चिकटवा, दुसऱ्याला नुसती दाबून बसणारी टोपी ठेवा. हा नळा पेटीच्या बाजूला दोन क्लिपांत बसतो. ग्रीसगन पेटीत टाकली की सगळ्या सामानाला ग्रीस लागतं आणि त्यावर धूळ बसते. नळ्यात ती स्वच्छ राहते. तुमच्याकडं पाइपलाइन टाकताना उरलेला तुकडा असेलच.

बसवणं : इथं घाई नको

मडगार्डच्या पत्र्याला चार भोकं पाडून पेटी आवळायची, असं बहुतेक ठिकाणी करतात. पहिला महिना छान जातो. लहान ट्रॅक्टरचं इंजिन, त्यातून एका सिलिंडरचं असलं तर, सतत थरथरतं. मडगार्डचा पत्रा पातळ असतो. भोकापासून बारीक चीर सुरू होते, रंगाखाली ती दिसत नाही आणि एक दिवस पत्र्याचा तुकडा घेऊनच पेटी टायरवर पडते.

म्हणून पेटीचं वजन पत्र्यावर न देता अँगलवर द्या. २५ मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाड अँगल घ्या. पेटीच्या तळाएवढी चौकट करा आणि तिला दोन पाय काढा. हे पाय मडगार्डच्या आतल्या उभ्या बाजूनं खाली जाऊन, मडगार्ड जिथं ॲक्सलच्या घरावर बोल्टनं आवळलेलं असतं त्या बोल्टांखाली येऊ द्या. सगळा मिळून आठ-साडेआठ फूट अँगल लागतो, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. मडगार्डचा पत्रा मग फक्त पेटीला डुलू न देण्यापुरता कामाला येतो. चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये जुन्या टायरच्या ट्यूबची दुपदरी पट्टी घाला, म्हणजे आवाजही कमी होतो आणि रंगही घासला जात नाही.

मूळ बोल्ट काढून त्याच्याखाली अँगल घातला की तो बोल्ट अँगलच्या जाडीइतका आखूड पडतो. तेवढाच लांब, त्याच आट्याचा आणि त्याच दर्जाचा नवा बोल्ट घ्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो, तो मूळ बोल्टवर काय आहे ते बघून तसाच मागा. एका वेळी एकच बोल्ट काढा आणि बदला. गिअरबॉक्सचे आणि ॲक्सलच्या घराचे जोड धरणारे बोल्ट मात्र पेटीसाठी सैल करू नका, ते ट्रॅक्टरचं अंगच धरून असतात. ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान ज्यांच्या ट्रॅक्टरला आहे, त्यांनी तिला भोक पाडू नये आणि वेल्डिंगही करू नये. ती वाकावी पण तुटू नये अशी बनवलेली असते. वेल्डिंगच्या आचेनं तिचा गुण जातो.

जो बोल्ट मडगार्डमधून टायरच्या बाजूला जातो, त्याचं डोकं टायरकडं आणि नट वर ठेवा. उलटं केलं तर बोल्टचं शेपूट टायरकडं लोंबतं आणि चिखल साचल्यावर टायर फाडतं. नट नायलॉनच्या कड्याचे घ्या, साधे असतील तर स्प्रिंग वॉशर घाला.

वेल्डिंग सगळं खाली जमिनीवर, ट्रॅक्टरपासून दूर करून घ्या. ट्रॅक्टरवर चौकट धरून "दोन टाके मार" म्हणणारे भेटतात. त्यांना नाही म्हणा. वेल्डिंगचा करंट वाट मिळेल तिथून जातो, बेअरिंगमधून जातो, अल्टरनेटर जाळतो. चार्जिंगनंतर बॅटरीवर जमलेल्या वायूला ठिणगी लागली तर बॅटरी फुटते. डिझेलची टाकी हाताच्या अंतरावर असते ते निराळंच. ट्रॅक्टर अजून वॉरंटीत असेल तर काम सुरू करण्याआधी विक्रेत्याला विचारा. मूळ भोकं आणि बोल्ट वापरून बसवलेल्या पेटीला बहुधा कोणाची हरकत नसते, नव्या भोकांना असू शकते.

पेटीला रेडऑक्साइडचा एक हात द्या आणि वाळल्यावर वरून पिवळा किंवा नारिंगी ऑइलपेंट लावा. मागच्या अंगाला लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा.

नट आवळून झाले की प्रत्येक नटावरून खालच्या पट्टीपर्यंत रंगाची एक बारीक रेघ ओढा. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, पाना लावून बघावं लागत नाही. पहिल्या तासानंतर एकदा, पहिला पूर्ण दिवस काम झाल्यावर एकदा, आणि पुढं ग्रीस करायच्या वेळी या रेघांवर नजर टाका.

आत काय, बाहेर काय

तळाला पोत्याचा किंवा ट्यूबचा तुकडा अंथरा. पाने कापडी पट्ट्यात गुंडाळून ठेवा. जुन्या पँटच्या कापडाला कप्पे शिवून घरी सहज होतो तो. अख्खा सेट नको. तुमच्या ट्रॅक्टरला आणि अवजाराला खरोखर लागणारे चार-पाच पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि लहान हातोडी एवढं पुरे. रोटाव्हेटरची दोन-तीन पाती बोल्टांसह, दोन फ्यूज आणि हवा मोजायचं गेज ठेवा.

लॉकपिना प्रत्येक मापाच्या दोन-दोन, टॉपलिंकची आणि खालच्या लिंकची एक-एक पिन जादा, हे सगळं एका झाकणाच्या बरणीत. शिअर बोल्ट मात्र वेगळ्या बरणीत ठेवा आणि त्या बरणीला लाल रंगाचा पट्टा मारा. रोटाव्हेटरच्या पुस्तकात सांगितलेल्या जातीचेच बोल्ट तिच्यात असावेत. पेटी बसवताना उरलेले ८.८ चे बोल्ट चुकूनही त्या बरणीत पडू देऊ नका. दिसायला सारखेच असतात, आणि संध्याकाळच्या उजेडात तर ओळखू येतच नाहीत.

एका चपट्या डब्यात स्वच्छ कापडाच्या पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, चिकटपट्टी आणि कात्री ठेवा. झाकणाच्या आतल्या बाजूला रंगानं १०८ हा रुग्णवाहिकेचा नंबर लिहा. पाठोपाठ आपल्या शेताचा गट नंबर आणि तिथं यायची वाट दोन ओळींत लिहा. अपघात झाला की फोन करणाराला पत्ता सांगता येत नाही, आणि तो मजूर परगावचा असला तर मुळीच नाही.

आता काय ठेवायचं नाही ते. फवारणीचं औषध या पेटीत ठेवायचं नाही. अर्धी उरलेली बाटली नाही, रिकामी बाटली नाही, पुडी नाही, फवारणीचे हातमोजेही नाहीत. उन्हात पत्र्याची पेटी तापते, बाटलीचं झाकण ढिलं होतं, औषध पाझरतं. ते पान्यांना लागतं, पान्यांचं हातांना आणि हातांचं भाकरीला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीत विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. औषध अंगावर उडूनच जातं असं नाही, ते कातडीतून आणि श्वासातूनही जातं. बाटलीवरच्या चौकोनात लाल, पिवळा, निळा की हिरवा त्रिकोण आहे ते बघण्याची सवय ठेवा. लाल सगळ्यांत जहाल. पण हिरवा आहे म्हणून भाकरीशेजारी चालेल, असंही नाही. औषध त्याच्या मूळ बाटलीत, वेगळ्या कुलूपबंद डब्यात न्यायचं आणि घरी तसंच वेगळं ठेवायचं. भाकरीचं फडकं आणि पिण्याचं पाणीही या पेटीत नको. ते झाडाखाली सावलीतच बरं. डिझेलची बाटली नको, डिझेलमध्ये भिजलेली फडकी नकोत आणि काडेपेटी तर नकोच.

ट्रॅक्टर सावडीनं किंवा भाड्यानं दुसऱ्याकडं जात असेल तर झाकणाच्या आत सामानाची यादी रंगवून ठेवा : पाने पाच, लॉकपिना सहा, शिअर बोल्ट चार, अशी आकड्यांसह. परत आल्यावर दोघांनी मिळून मोजायचं, यात कोणी राग धरत नाही. कमी झालेली पिन त्याच आठवड्याच्या बाजारातून आणा आणि बरणीत टाका.